प्लँकचे ५८ सेकंद : मुलांच्या ‘कोअर’ चाचणीवर किती विसंबायचं?

उन्हाळी शिबिर संपलं की हल्ली पोरांच्या हातात प्रमाणपत्राबरोबर एक फिटनेस रिपोर्टही पडतो. त्यात उंची, वजन, पन्नास मीटर धावण्याची वेळ, आणि एका रकान्यात ‘कोअर स्ट्रेंथ : प्लँक ५८ सेकंद’. पुढे हिरवी नाहीतर लाल खूण. लाल असली की घरात चर्चा सुरू होते. पोट कमजोर आहे म्हणे, कबड्डीत टिकेल का, पुढच्या वर्षी क्रीडा वसतिगृहाला अर्ज करायचा की नाही. दुसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये चटई पडते, मोबाइलवर टायमर लागतो आणि पोरगं कोपरांवर थरथरत असतं.

हे ५८ सेकंद मोजले कसे, आणि परवा पुन्हा मोजले तर ५८ च येतील का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. चाचणीची विश्वासार्हता म्हणतात ती हीच. किराणा दुकानातल्या काट्यावर तीच साखरेची पुडी तीनदा ठेवली आणि तीन वेगळी वजनं दिसली, तर आपण दुकानदाराला लगेच जाब विचारतो. पोराच्या रिपोर्टवरच्या आकड्याला मात्र असा जाब कुणी विचारत नाही. तो छापील असतो, त्याच्यापुढे ‘सेकंद’ असं लिहिलेलं असतं, म्हणून तो पक्का वाटतो.

बेळगाव, मडगाव, इंदूर, वडोदरा अशा ठिकठिकाणच्या वाचकांसाठी हा विषय मुद्दाम घेतला, कारण राज्य कुठलंही असो, शालेय खेळाडूंच्या निवडीत आणि शिबिरात अशा चाचण्या आता सगळीकडे आल्या आहेत. आकड्यावरून पोरांचं बरंवाईट ठरतं आणि आकडा कितपत खरा हे कागदावर कुठेच नसतं.

आधी ‘कोअर’ म्हणजे काय

कोअर म्हणजे सिक्स पॅक नव्हे. छातीच्या पिंजऱ्यापासून मांड्यांच्या वरच्या टोकापर्यंत धडाला चारी बाजूंनी धरून ठेवणारे स्नायू म्हणजे कोअर. पोटाचे पुढचे आणि बाजूचे, पाठीच्या कण्यालगतचे, वरचा श्वासपटल, खालचा ओटीपोटाचा तळ आणि नितंबाचे, हे सगळे त्यात येतात. चेंडू फेकताना, चढाई करताना, कुस्तीत पट काढताना पायातली ताकद हातापर्यंत पोचवायचं काम या मधल्या भागाचं. आपल्या तालमीत ‘कोअर’ हा शब्द कुणी वापरला नाही, पण जोर आणि मल्लखांब दुसरं काय करतात? मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ जाहीर केलं. उज्जैन-इंदूरकडच्या वाचकांना तो खांब काही नवा नाही. त्यावर उलटं लोंबकळणाऱ्या पोराचं धड किती घट्ट आहे हे उस्तादाला नजरेनेच कळतं.

अडचण सुरू होते ती याच गोष्टीला आकड्यात बसवायचं म्हटल्यावर. रिपोर्टवर ‘स्ट्रेंथ’ लिहिलेलं असलं तरी प्लँक ताकद मोजत नाही. एका ठराविक, फारशा जड नसलेल्या भाराखाली किती वेळ टिकता ते प्लँक मोजतो. म्हणजे दम. ताकद मोजायची तर स्नायू एका झटक्यात जास्तीत जास्त किती जोर लावतात ते यंत्रावर बघावं लागतं, आणि तसली यंत्रं तालुक्याच्या शाळेत नसतात. चेक प्रजासत्ताकाच्या एका माणसाने २०२३ मध्ये साडेनऊ तासांहून जास्त वेळ प्लँक धरून विक्रम केला. तेवढ्यावरून तो कुस्तीच्या आखाड्यात कुणाला उचलून आपटेल असं कुणी म्हणणार नाही. तेव्हा पहिली दुरुस्ती नावातच करायला हवी : ही धडाच्या दमाची चाचणी आहे.

या चाचण्या आल्या कुठून

यातल्या बऱ्याच चाचण्या खेळाच्या मैदानावर जन्मल्याच नाहीत. त्या कंबरदुखीच्या दवाखान्यातून आल्या. डेन्मार्कचे डॉक्टर बीअरिंग-सोरेनसन यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास छापला. माणसाला टेबलावर पालथं झोपवायचं, पाय पट्ट्यांनी बांधायचे, कमरेपासून वरचं धड टेबलाच्या कडेबाहेर, आणि ते जमिनीला समांतर किती वेळ राहतं ते मोजायचं. कमाल मर्यादा २४० सेकंद. ज्या पुरुषांचा दम जास्त, त्यांना पुढच्या वर्षभरात पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचं प्रमाण कमी, असं त्यांना दिसलं. ही चाचणी आज ‘सोरेनसन टेस्ट’ म्हणून जगभर चालते.

मग कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तिच्या जोडीला आणखी चाचण्या लावल्या. एक, पाठ ६० अंशांत टेकवून बसायचं आणि मागचा आधार काढला तरी तसंच राहायचं. दुसरी, कुशीवर होऊन एका कोपरावर आणि पावलांवर अंग उचलून धरायचं, उजवीकडून आणि डावीकडून. ७५ निरोगी तरुण-तरुणींवर त्यांनी मोजमाप केलं. पाठीच्या चाचणीत पुरुषांची सरासरी १४६ सेकंद, बायकांची १८९ (हो, बायका पुढे). कुशीवरच्या चाचणीत मात्र पुरुष ९५ च्या आसपास, बायका ७५ च्या. मोजक्या जणांना सलग पाच दिवस आणि पुन्हा आठ आठवड्यांनी तपासलं, तेव्हा विश्वासार्हतेचा गुणांक ०.९७ किंवा त्याहून वर आला. १ म्हणजे परिपूर्ण, त्यामुळे हा आकडा फारच चांगला.

तोच ०.९७ पुढे प्रशिक्षणाच्या पुस्तकांतून आणि कार्यशाळांतून फिरत राहिला. ‘चाचणी विश्वासार्ह आहे’ एवढंच वाक्य उरलं. ती माणसं सरासरी तेविशीतली होती, समजूतदार होती, प्रयोगशाळेत होती, मोजणारे तज्ज्ञ होते, दोन चाचण्यांच्या मधे विश्रांती दिलेली होती, हे सगळं गळून पडलं. विश्वासार्हता चाचणीला कायमची चिकटलेली नसते. ती त्या माणसांची, त्या मोजणाऱ्याची आणि त्या पद्धतीची असते. बारा वर्षांच्या पोराला शाळेच्या पटांगणात, मागे चाळीस पोरं गलका करत असताना मोजलं, तर ०.९७ तिथे आपोआप चालत येत नाही.

तीस सेकंदांत किती ‘कर्ल-अप’

आपल्याकडे मुलांना जास्त भेटणारी चाचणी वेगळी आहे. खेलो इंडियाच्या शालेय फिटनेस चाचण्यांत मोठ्या वयोगटासाठी तीस सेकंदांतले ‘पार्शल कर्ल-अप’ आहेत. सीबीएसईच्या बारावीच्या शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकातही त्या आहेत. गुडघे दुमडून उताणं झोपायचं, हात अंगालगत जमिनीवर, आणि धड थोडं उचलून हात सुमारे सहा इंच पुढे सरकवायचे. तीस सेकंदांत असे किती झाले ते मोजायचं.

युरोपात १९८८ पासून चालत आलेल्या ‘युरोफिट’ संचातही तीस सेकंदांचीच चाचणी आहे, पण ती पूर्ण उठाबशांची. अमेरिकेतल्या ‘फिटनेसग्राम’मध्ये कर्ल-अप आहेत, पण ठेक्यावर, मिनिटाला वीस, आणि दमेपर्यंत. नावं सारखी वाटतात, मोजमाप वेगळं. त्यामुळे ‘इंटरनेटवर तेरा वर्षांच्या मुलासाठी अमुक आकडा दिलाय, आमचा त्याच्या निम्म्यावर’ ही पालकांची काळजी बहुतेक वेळा दोन वेगळ्या चाचण्यांची तुलना केल्यातून आलेली असते.

शिवाय मोजणाऱ्याची नजर. धड पुरेसं उचललं का, हात पट्टीपर्यंत गेले का, झटका मारला का? एक सर सहा इंचांचा आग्रह धरतात, दुसरे ‘चला चला’ म्हणत अर्धवट उठलेलंही धरतात. त्याच मुलाचे एकाकडे २४, दुसऱ्याकडे १७. पोराच्या पोटात काहीच बदललेलं नसतं.

प्लँकमध्ये हा गोंधळ कमी असेल असं वाटतं, कारण घड्याळ आहे. इथे एक बारकी गोम आहे. दोन शिक्षक शेजारी उभे राहून एकाच मुलाच्या एकाच प्रयत्नाची वेळ घेतात तेव्हा त्यांचे आकडे जुळणारच. दोघांनी एकच पोरगं पडताना बघितलं. मग अहवालात ‘दोन परीक्षकांतली विश्वासार्हता उत्कृष्ट’ असं छापून येतं. खरी परीक्षा तेच पोरगं पुढच्या आठवड्यात दुसऱ्या परीक्षकापुढे पुन्हा उतरतं तेव्हाची. कुठल्याही अभ्यासात ‘विश्वासार्ह’ शब्द दिसला की आधी विचारा : एकाच प्रयत्नाची, की दोन वेगळ्या दिवसांची?

पोराचा आकडा हलतो कशाने

थकेपर्यंत टिकायच्या चाचण्यांचा स्वभावच लहरी. ‘आता नाही जमत’ हे स्नायू ठरवतात त्याहून जास्त मन ठरवतं. मोठ्यांचंही असंच होतं, मुलांचं जास्त. शेजारचा मित्र अजून टिकून आहे, हे दिसलं की दहा सेकंद वाढतात. तो आधीच पडला असेल तर ‘झालं की आपलं’ म्हणून हाही पडतो. घड्याळ समोर दिसत असेल तर पोरं साठला, नव्वदला पडतात. गोल आकडा गाठला की मन सैल होतं. सर ओरडून हुरूप देतात की गप्प उभे राहतात, यानेही फरक पडतो. आधी सहाशे मीटर पळवलं असेल तर तो थकवा धडातही असतो. कोपराखाली गादी आहे की खरखरीत फरशी? बऱ्याच पोरांचं पोट दमण्याआधी कोपरच सोलतात.

पहिल्यांदा प्लँक करणाऱ्या मुलाला तर कुठे ताण धरायचा हेच ठाऊक नसतं. दुसऱ्या वेळी तो जास्त टिकतो तो शिकल्यामुळे, बळ वाढल्यामुळे नव्हे. म्हणून चांगल्या पद्धतीत एक सरावाचा प्रयत्न आधी, वेगळ्या दिवशी देतात आणि तो मोजत नाहीत. आपल्याकडच्या शिबिरात मात्र पहिल्या दिवशीचा पहिलाच प्रयत्न नोंदवतात आणि शेवटच्या दिवशीच्या प्रयत्नाशी त्याची तुलना करतात. सुधारणा दिसली नाही तरच नवल.

आणि चाचणी संपली कधी? कंबर खाली झुकली तेव्हा, की पोरगं पूर्ण जमिनीवर आल्यावर? एक ताकीद देऊन दुसऱ्यांदा झुकल्यावर थांबवायचं, हा बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा नियम. पण नियम कुठलाही असो, लिहून ठेवलेला नसेल तर तो सरांच्या मूडवर जातो.

आठ पोरांचा हिशेब

आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीपुरतं आहे. आकडे समजण्यासाठी बनवलेले आहेत, कुठल्या शाळेचे नव्हेत.

समजा आठ मुलांचा प्लँक एका सोमवारी मोजला : ५२, ७१, ४०, ९५, ६३, ५८, ८०, ४७ सेकंद. मधल्या आठवड्यात काहीही खास व्यायाम नाही. पुढच्या सोमवारी त्याच क्रमाने त्याच मुलांचा : ६०, ६८, ५५, ९०, ७५, ५७, ९२, ५१.

प्रत्येकाचा फरक काढा : ८ वाढले, ३ घटले, १५ वाढले, ५ घटले, १२ वाढले, १ घटला, १२ वाढले, ४ वाढले. सरासरी वाढ सव्वापाच सेकंद. हा बहुतांशी सरावाचा परिणाम, सगळ्यांना थोडाफार मिळालेला. पण खरा मुद्दा सरासरीत नाही, विखुरण्यात आहे. या आठ फरकांचं प्रमाण विचलन (एक्सेलमध्ये एका सूत्राने निघतं) येतं सुमारे ७.६ सेकंद. त्याला १.९६ ने गुणलं की साधारण १५.

हे १५ सेकंद म्हणजे या चाचणीचा, या पटांगणावरचा, या सरांचा ‘गोंगाट’. एखाद्या मुलाचा आकडा दोन वेळांत पंधरा सेकंदांपेक्षा कमी बदलला, तर तो बदल खरा आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शास्त्रीय लेखांत याला ‘किमान ओळखता येणारा बदल’ म्हणतात. शिबिरात आपल्या मुलाचा प्लँक ५८ वरून ६६ वर गेला म्हणून पेढे वाटायचं कारण नाही, आणि ६६ वरून ५८ वर आला म्हणून रागवायचंही नाही.

आता याच आठांतून पाच निवडायचे आहेत असं धरा. पहिल्या सोमवारी पाचवी जागा ५८ सेकंदवाल्याला मिळते, ५२ वाला घरी जातो. दुसऱ्या सोमवारी तेच दोघे ५७ आणि ६०. आता पहिला घरी, दुसरा संघात. दोघांपैकी कुणीच काही केलेलं नाही. वार बदलला नाही, फक्त तारीख बदलली. वरच्या चार जणांचं तसं काही झालं नाही, ते दोन्ही वेळा वरच राहिले. गोंगाटाचा मार बसतो तो रेषेजवळच्या पोरांना. वसतिगृहाची शेवटची जागा, संघातला शेवटचा गडी, ‘कट-ऑफ’ साठ असताना सत्तावन आणणारी मुलगी, ही सगळी याच पट्ट्यातली माणसं.

आणखी एक गंमत त्याच आकड्यांत आहे. पहिल्या दिवशी सगळ्यात कमी असलेले तिघे बघा : ४०, ४७, ५२. पुढच्या आठवड्यात ते सरासरी नऊ सेकंदांनी वाढले. सगळ्यात वरचे तिघे, ९५, ८० आणि ७१, सरासरी जेमतेम एका सेकंदाने. तळातली पोरं काही न करता जास्त सुधारली! कारण पहिल्या दिवशी तळात जाणाऱ्यांत थोडा भाग दुर्दैवाचाही असतो. कुणाची झोप झालेली नसते, कुणाचं कोपर दुखत असतं. पुन्हा मोजलं की ते दुर्दैव सहसा तेवढंच राहत नाही. आता कल्पना करा, ‘कमजोर’ पोरं निवडून त्यांना महिनाभराचा महागडा कोअर कोर्स लावला आणि शेवटी नऊ सेकंदांची वाढ दाखवली. कोर्स विकणाऱ्याला खोटं बोलायचीही गरज नाही.

हा प्रयोग कुठल्याही शाळेला करता येतो. स्टॉपवॉच, चटई, वही आणि दोन सोमवार. आठऐवजी वीस-तीस मुलं घेतली तर आकडा जास्त पक्का निघेल. शाळेने एकदा स्वतःचा गोंगाट मोजून ठेवला की पुढचे सगळे रिपोर्ट वाचायला अर्थ येतो.

०.९ ऐकून दबकू नका

अभ्यासकांच्या लेखांत मात्र सेकंदांपेक्षा एक गुणांक पुढे केला जातो. त्याचं लघुरूप आयसीसी; क्रिकेटवाली नव्हे. ०.५ च्या खाली वाईट, ०.७५ पर्यंत मध्यम, ०.९ पर्यंत चांगला, त्यावर उत्कृष्ट, अशी एक वाटणी २०१६ पासून बरीच रूढ झाली आहे. हा गुणांक खोटा नाही, पण तो एका प्रश्नाचं उत्तर देतो : ही चाचणी या गटातल्या माणसांना एकमेकांपासून वेगळं ओळखते का?

म्हणून गट जितका मिसळीचा तितका गुणांक गोड. आठ वर्षांची पोरं आणि अठरा वर्षांचे जवान एकत्र घेतले की त्यांच्यातला फरकच इतका मोठा की पंधरा-वीस सेकंदांचा गोंगाट त्यात बुडून जातो, गुणांक ०.९५. तीच चाचणी फक्त चौदा वर्षांखालच्या कबड्डी संघावर घ्या, जिथे सगळी साधारण एका तोडीची. गोंगाट तेवढाच, पण फरक कमी, आणि गुणांक घसरतो. निवड तर नेहमी दुसऱ्या प्रकारच्या गटातूनच करायची असते. त्यामुळे ‘गुणांक किती’ याच्या जोडीला ‘चूक किती सेकंदांची’ हे विचारलंच पाहिजे. ब्लँड आणि आल्टमन या दोघा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये वैद्यकीय मोजमापांबद्दल हेच सांगितलं होतं : दोन मोजमापांचा संबंध चांगला आहे म्हणजे ती जुळतात असं नव्हे, फरक काढून बघा.

वाढीच्या वयाचा घोळ

मुली साधारण बाराव्या वर्षी, मुलगे चौदाव्याच्या सुमारास सगळ्यात वेगाने उंच होतात. पुढेमागे होणारे पुष्कळ. या काळात हातपाय आधी लांबतात, धड मागून, वजन वाढतं, आणि स्नायूंचं बळ थोडं उशिराने येतं. प्लँकमध्ये कोपर ते पाऊल हा एक पूल असतो. पूल लांब आणि जड झाला की मधल्या भागावरचा भार वाढतो. म्हणजे सातवीतल्या मुलीचे ७५ सेकंद आठवीत ६५ झाले तर ती आळशी झाली असं नाही. ती आता वेगळं, मोठं शरीर तोलते आहे.

याच कारणाने एकाच इयत्तेतल्या मुलांची तुलनाही फसवी. चौदा वर्षांखालच्या गटात एकाला मिसरूड फुटलेली असते, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. आकड्यासोबत उंची, वजन आणि नेमकी जन्मतारीख नोंदवलेली नसेल तर तो आकडा पुढच्या वर्षी वाचताच येत नाही.

बरं, आकडा पक्का असला तरी…

समजा सगळं काटेकोर केलं आणि ५८ म्हणजे ५८ च. मग खेळ सुधारेल का? बी.पी.एड.ला विश्वासार्हता आणि सप्रमाणता वेगळ्या शिकवतात त्या यासाठीच. काटा दर वेळी तेच वजन दाखवेल, पण आपल्याला उंची हवी असेल तर त्याचा उपयोग काय? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉल खेळाडूंवर (त्यांचा फुटबॉल, गोव्याचा नव्हे) २००८ मध्ये झालेल्या अभ्यासात मॅकगिलच्या चाचण्यांचा धावण्या-उडी मारण्याशी संबंध कमकुवत ते मध्यम एवढाच निघाला. मिनिटभर स्थिर राहणं आणि अर्ध्या सेकंदात धड वळवून चेंडू फेकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धडाच्या चाचण्यांवरून घाई केल्याचं जुनं उदाहरण तर थेट व्हाइट हाऊसपर्यंत जातं. १९५०च्या दशकात हान्स क्राउस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या शाळकरी मुलांच्या सहा सोप्या चाचण्या घेतल्या. पाच धडाच्या आणि पायांच्या बळाच्या, एक वाकून जमिनीला हात लावण्याची. एकीत नापास तर सगळ्यात नापास. अमेरिकेची अर्ध्याहून जास्त मुलं नापास, युरोपातली दहात एकही नाही. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर हादरले आणि १९५६ मध्ये युवकांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. त्या नापासांतला मोठा वाटा जमिनीला हात न लागणाऱ्यांचा होता, म्हणजे लवचीकपणाचा, हे मथळ्यांत कुठे आलंच नाही. परिषद चांगलीच झाली, तो भाग वेगळा. पण ‘पास-नापास’ची एक रेष मारली की तिच्यामागचं सगळं झाकलं जातं, ते असं.

मग सरांनी आणि पालकांनी काय करावं

चाचण्या बंद करा असं मुळीच नाही. स्वस्त आहेत, पोरांना आवडतात, आणि वर्षभर नोंद ठेवली तर उपयोगीही पडतात. फक्त पद्धत कागदावर हवी. कोपर खांद्याखाली, बूट घालून की काढून, किती ताकिदी, घड्याळ मुलापासून लपवलेलं, दर वेळी तेच शब्द बोलून हुरूप द्यायचा किंवा अजिबात द्यायचा नाही. सरावाचा दिवस वेगळा. मोजणारा शक्यतो तोच. सकाळी मोजलं असेल तर पुन्हाही सकाळी, आणि पळण्याच्या चाचणीआधी. मोबाइल बाजूला ठेवून चित्रीकरण केलं तर वाद उरत नाहीत. दोन शिक्षकांनी तीच चित्रफीत वेगवेगळी बघून ‘इथे थांबवायला हवं होतं’ असं लिहावं आणि मग जुळवून बघावं. पहिल्या वेळी किती फरक निघतो ते बघून सरांनाच हसू येईल.

निवडीसाठी एकाच दिवसाचा आकडा वापरायचा असेल तर निदान रेषेच्या वरखाली गोंगाटाएवढा पट्टा धरावा आणि त्या पट्ट्यातल्या मुलांना दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवावं. दोन प्रयत्नांची सरासरी एकापेक्षा नेहमी जास्त भरवशाची. क्रीडा प्रबोधिनी असो की कर्नाटकातलं क्रीडा वसतिगृह, अर्ज करणाऱ्या पालकांनी ‘चाचणी पुन्हा देता येते का’ हे आधीच विचारून ठेवलेलं बरं. विचारण्यात गैर काही नाही.

घरी रिपोर्ट आला तर सरांना तीनच गोष्टी विचारा. आधी सराव दिला होता का? कितीदा मोजलं? तुमच्या मोजण्यात किती सेकंदांची चूक धरायची? तिसऱ्या प्रश्नाला ‘ते काय असतं?’ असं उत्तर आलं तर वरचा आठ पोरांचा हिशेब त्यांना दाखवा. बहुतेक सर मनापासून ऐकतात. त्यांनाही तो आकडा वरून आलेल्या तक्त्यात भरायचा असतो, एवढंच.

एका बाबतीत मात्र सेकंद मोजत बसू नका. प्लँक करताना किंवा खेळताना मुलाची कंबर एका ठराविक जागी दुखत असेल, विशेषतः वेगवान गोलंदाजी किंवा जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलाची, आणि दोन-तीन आठवडे दुखणं जात नसेल, तर ‘कोअर कमजोर आहे, अजून प्लँक कर’ हा सल्ला देऊ नका. या वयात, या खेळांत मणक्याच्या हाडाला ताणाची बारीक चीर पडते, आणि स्टॉपवॉचला ती दिसत नाही. व्यायाम थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.